कुत्र्याचं अंगडं

आमच्या काराकोल गावात कुणाकडे कार्य निघालं की बायका आधी आरशात बघायच्या आणि मग कलिपाच्या तोंडाकडे. आरसा एक वेळ भिडस्त निघेल, कलिपाचा ओठ नाही. त्याचा डावा कोपरा खाली गेला की समजायचं, आपल्या झग्याचं आज काही खरं नाही. सत्तरीला टेकलेली बाई, पण पाठ फळीसारखी ताठ, केस कुळकुळीत काळे (कसे, ते तिच्या न्हाणीघराला ठाऊक), आणि अंगावर दुधी रंगाचं असं जाकीट की माशीनेसुद्धा पाय पुसून बसावं.

कपड्यांबद्दल तिचं एक तत्त्वज्ञान होतं, आणि ते ऐकल्याशिवाय तिच्या घरचा चहा मिळत नसे. "बायांनो, माणूस काय घालतो त्यावरून कळत नाही, काय ठेवतो त्यावरून कळतं," ती म्हणायची. "तुमच्या पेट्या उघडा एकदा. अर्धं लग्नातलं, अर्धं मयतातलं, आणि स्वतःचं असं त्यात काय? चुलीतली राख!" तिच्या कपाटात मोजके कपडे टांगलेले असायचे, दोहोंत वीतभर अंतर ठेवून. आपल्याला शोभतं तेवढंच ठेवायचं. ज्याची बाही चकाकली, गळा मळला, कोपर विरलं, ते त्याच दिवशी घराबाहेर. जुनेर अंगावर घालणं म्हणजे आपलं दळिद्र चारचौघांत वाचून दाखवणं, असं तिचं मत. प्रत्येक कपड्याच्या गळ्याला आतून ती लाल दोऱ्याची एक फुली घालायची, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात कुणी अदलाबदल करायला नको. आजकालच्या पोरी फोनवर कुणाकुणाची प्रवचनं ऐकून तिला सांगायला यायच्या की आजी, मोजकंच ठेवावं म्हणतात. ती नाक उडवून म्हणायची, "आत्ता कळलं होय तुम्हाला? मी सोव्हिएत राज्य होतं तेव्हापासून घसा कोरडा करतेय."

आहेराच्या कपड्यांवर तर तिचा खास दात. आमच्याकडे लग्न असो, बाळंतपण असो, मयत असो, पाहुण्याला कपडा दिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत. पाहुणा तो पेटीत टाकतो आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या खांद्यावर घालतो. एका वर्षी कलिपाने असल्याच एका जांभळ्या रुमालाच्या कोपऱ्याला शाईचा ठिपका काढला आणि दिला सोडून गावात. पुढच्या वर्षी तोच रुमाल तिच्याच खांद्यावर येऊन पडला, घडीसुद्धा न मोडता. तिने तो भर पंगतीत फडकावला. "बघा! सगळं गाव फिरून आला, पण एकीच्याही डोक्याला लागला नाही. अहो, याच्यापेक्षा एखादी शेळी द्या, निदान दूध तरी देईल!" यजमानीण रडकुंडीला आली. कलिपाला काय त्याचं!

बोलायची ते खोटं नव्हतं म्हणा. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं जुनी माणसं उगाच नाही म्हणत.

कलिपाच्या कपाटातून जे बाहेर पडायचं ते जायचं वरच्या गावाला, तिच्या धाकट्या जावेकडे. बुरुल तिचं नाव. दांडगी बाई, वाऱ्याने गाल फुटलेले, दारात गाई, परसात बटाटे. एक झगा अंगात घातला की तो विटून, विरून, ठिगळाला ठिगळ लागेस्तोवर ती काढायची नाही. कलिपा तिच्या पुढ्यात पिशवी सरकवायची.

"धर. गळा जरा मळलाय, पण तुला चालेल. तुला बघायला कोण येतंय, गाईच ना?"

"गाईंनाच तर सगळं कळतं, जाऊबाई," बुरुल म्हणायची. "तुमचा तो निळा झगा घालून पहिल्यांदा धारेला बसले, तर तांबडीने दूध चोरलं. म्हणाली असेल, ही कुठली साहेबीण आली माझ्या सडांना हात लावायला!"

हा टोमणा आहे हे कलिपाच्या कधी डोक्यात शिरलं नाही. बुरुलचं बोलणं कान देऊन ऐकावं इतकी बुरुल मोठी आहे, असं तिला वाटतच नव्हतं.

त्यांच्या सासूची शेवटची वर्षंही बुरुलकडेच गेली. म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा थोरलीचा मान, तसं थोरलीचंच काम. पण कलिपाच्या घरातले गालिचे फिकट रंगाचे, आणि दुखण्याचा वास कपाटात जाऊन बसतो. "वरची हवा त्यांना मानवेल," असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. हवा मानवली की नाही कोण जाणे, म्हातारी तिथेच गेली.

आणि मग कलिपाच्या नातसुनेला, मेरिमला, दिवस गेले.

घराण्यातलं पहिलं पतवंड. पतवंड म्हटलं की अंगडं आलं. बाळाचं पहिलं अंगडं आमच्याकडे नव्या कापडाचं शिवत नाहीत. नवं कापड टोचतं, आणि त्यात आशीर्वाद तरी कुणाचा असणार, दुकानदाराचा? ते बेततात घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या जुनेरातून, अंगाला लागून लागून मऊसूत झालेल्या. बाळ चाळीस दिवसांचं झालं की ते अंगडं कुत्र्याच्या गळ्यात बांधून कुत्रं पिटाळायचं, म्हणजे इडापिडा त्याच्या मागे पळते. म्हणून त्याला नावच पडलंय कुत्र्याचं अंगडं. नाव कसलंही असो, मान मोठा. सासू होती तोवर घरातली झाडून सगळी पोरं तिच्याच जुनेरात गुंडाळली गेली. मिशा फुटलेल्या बाप्यांनाही लोक अजून विचारतात, "तू कुणाच्या अंगड्यातला रे?" आणि ते छाती काढून सांगतात, "आजीच्या!" आता सासू नव्हती. आता जिचं कापड बाळाच्या अंगाला लागेल, ती या घराची म्हातारी. कलिपाला तो मान हवा होता. इतका हवा होता की तिने तो अजून कुणी देऊ केलेला नसतानाच मनातल्या मनात घेऊनही टाकला होता.

एक दिवस सून नाझगुल म्हणाली, "आई, तुमचं एखादं जुनेर काढून ठेवा हं. सुती असावं, अंगालगतचं. अनारकान आजी शिवणार आहेत."

"काढते की," कलिपा म्हणाली. "त्यात काय!"

तिने कपाट उघडलं. टांगलेले कपडे शिस्तीत उभे. एकाचीही बाही चकाकलेली नाही, एकाचाही गळा मळलेला नाही. खालचा खण ओढला. रात्रीचे गाऊन, इस्त्रीच्या घड्या घातलेले. माळ्यावरची पेटी उतरवली. तिच्यात जायफळाच्या वासाचे कोरे पलंगपोस. उभ्या जन्मात निवडून निवडून, झाडून झाडून ठेवलेलं घर, आणि त्यात वीतभर जुनेर मिळेना!

दुसरी कुणी असती तर सुनेला म्हणाली असती, बाई गं, माझ्याकडे नाही. पण कलिपाच्या तोंडाला हे शब्द माहीतच नव्हते. तिने काय करावं? एक कोरा पांढरा गाऊन घेतला, सोडा टाकून मोठ्या पातेल्यात उकळला आणि परसात सफरचंदाच्या झाडाखाली बसून दगडाने चोपायला घेतला. मग चहाच्या पाण्यात बुडवला, म्हणजे पिवळसर झाक येईल. उन्हात वाळवला. पुन्हा उकळला, पुन्हा चोपला. ज्या बाईने जन्मभर गावाला अस्सल काय आणि नकली काय ते शिकवलं, ती बाई धाप लागेस्तोवर खोटं जुनेर बनवत बसली. पी हळद अन् हो गोरी, असं कधी झालंय?

नाझगुल खिडकीतून म्हणाली, "आई, नवा गाऊन का चोपताय?"

"डाग पडलाय."

"कुठे? दिसत नाही."

"म्हणजे गेला," कलिपा ओरडली. "तू तुझी कणीक मळ!"

मेरिमला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी बायका जमल्या. बुरुल वरच्या गावाहून बादलीभर लोणी घेऊन आली. जाड मखमली डगला, डोक्याला रुमाल, बुटांना चिखल. कलिपाने तो चिखल आधी पाहिला आणि मग बुरुलला. मधोमध जेवणाची चादर, दस्तरखान, अंथरलेला, त्यावर कणकेचे तळलेले बोरसोक, मध, लोणी. मानाच्या जागी अनारकान बसलेली, जुनी सुईण. निम्मं काराकोल तिच्या हातात पडलेलं. डोळे आता जवळजवळ गेलेले, पण जीभ कात्रीसारखी आणि कात्री मांडीवर.

कलिपा आपलं दुधी जाकीट सावरत उठली आणि घडी केलेला गाऊन दोन्ही हातांनी पुढे केला.

"हे माझं, आजी. किती वर्षं अंगावर होतं, मलाच आठवत नाही."

अनारकानने ते घेतलं. बोटांत चुरगाळलं. गालाला लावलं. मग मिटलेल्या पापण्यांवरून फिरवलं. बायका चावायच्या थांबल्या.

"कलिपा," म्हातारी म्हणाली, "याला मार बसलाय गं. याचं वय झालेलं नाही."

"तुमची नजर गेलीय, आजी!"

"नजरच गेलीय, बोटं शाबूत आहेत. शिवणीतला धागा बघ, अजून कोरा करकरीत. आणि वास येतोय तो तुझा नाही, चहाचा येतोय."

एकीला बोरसोक खाताना ठसका लागला. दुसरीने तिच्या पाठीत थोपटायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. ज्यांच्या झग्यांना कलिपाने जन्मभर नावं ठेवली त्या सगळ्या तिथे होत्या, आणि त्यांच्यातली एकही हसली नाही. हसल्या असत्या तर परवडलं असतं. त्या जांभळ्या रुमालाच्या यजमानिणीने तर तिच्या पुढ्यात अगदी हळूच मधाची वाटी सरकवली, आजाऱ्यापुढे सरकवावी तशी.

"बुरुल, तू दे," अनारकान म्हणाली.

"माझं काय घेता, आजी. गोठ्यातलं आहे. आणि मान जाऊबाईंचा."

"मानाने बाळाचं अंग झाकत नाही. काढ, काढ!"

बुरुल पडद्यामागे गेली आणि डगला गळ्यापर्यंत बंद करून परत आली. हातात आतला झगा, अंगाची ऊब अजून गेलेली नाही. तिने तो दस्तरखानाच्या कडेला ठेवला. काय होतं ते! कधी काळी निळा असावा, आता राखेचा रंग. काखेत ठिगळ, ठिगळावर ठिगळ. छातीशी तर इतका विरलेला की खालच्या गालिच्याची नक्षी दिसत होती.

कलिपाच्या ओठाचा कोपरा आपोआप खाली गेला. सुंभ जळाला तरी पीळ जातोय थोडाच! "शी! हे? हे लावणार माझ्या पतवंडाच्या अंगाला? याने मी फरशीसुद्धा..." आणि ती थांबली. झग्याचा गळा उलटा पडला होता आणि आत लाल दोऱ्याची बारीक फुली होती.

"अगं, हे तर माझं!"

तिने झडप घालून झगा उचलला. "ही बघा, माझी खूण! माझा निळा झगा हा! यांनी राजधानीहून कापड आणलं होतं, मी स्वतः बेतला होता. बघा, बघा सगळ्या! म्हणजे अंगडं माझ्याच कापडाचं झालं की नाही?" तिचा चेहरा असा फुलला की बघणाऱ्याला कीव यावी. "सांगा ना, आजी. कापड कुणाचं?"

सगळ्यांनी बुरुलकडे पाहिलं. बुरुल अंगठ्याला लागलेलं लोणी चाटत होती. ते तिने सावकाश चाटून संपवलं.

"तुमचंच होतं, जाऊबाई," ती म्हणाली. "जुनं मी केलं."

बुरुलला तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.

"दोनदा घातलात तुम्ही तो. मग मला दिलात, गाईंपुढे मिरवायला. माझी शेवटची दोन बाळंतपणं याच्यात झाली. सासूबाईंना उचलून न्हाऊ घालायची ती याच झग्यात. त्यांचा हात थरथरायचा, रस्सा सांडायचा. मी फडकं आणेपर्यंत त्या इथेच तोंड पुसायच्या." तिने कलिपाच्या हातातल्या झग्याच्या छातीवर बोट ठेवलं, जिथे कापड सगळ्यात विरलं होतं तिथे. "मी म्हणायचे, आई, सांभाळून, थोरलीचा झगा आहे. त्या म्हणायच्या, थोरली कुठाय?"

कलिपाच्या हातातला झगा खाली आला. थोरली कुठे होती? थोरली खाली काराकोलात होती. पहिल्यांदा खिडक्यांचे पडदे बदलत होती, मग आजारी बाईला भेटायला शोभेलसा कपडा सापडत नाही म्हणून थांबली होती, आणि नंतर तर आपण आता कुठल्या तोंडाने जायचं म्हणून गेलीच नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, गालिचे आणि वरची हवा, एवढ्यात निभावलं. तिला लाज वाटली. चारचौघींसमोर, अंगभर, आणि ती झाकायला तिच्याकडे धड कापड नव्हतं.

अनारकानने झगा ओढून घेतला आणि कात्री चालवली. छातीचाच भाग घेतला तिने, मुद्दाम. पुढचा-मागचा भाग कापला, तिरपा दुमडला. गळ्याशी आली तशी कलिपा वाकली आणि तिला स्वतःलाच ओळखू येणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आजी, तेवढी फुली राहू द्या."

"गाठ आहे ती. पोरीच्या मानेला टोचेल."

म्हातारीने सुईच्या टोकाने एकेक टाका उसवला. लाल दोरा बाहेर आला, इतकी वर्षं धुऊनही रंग न सोडलेला. तो तिने चाचपडत कलिपाच्या तळहातावर ठेवला. "घे. हे तुझं."

अंगडं शिवून झालं, शिवणी बाहेरच्या अंगाला, काठ न दुमडता, जशी रीत आहे तसं. नाझगुलने पोरीच्या अंगात घातलं आणि मेरिमची आई मोठ्याने म्हणाली, "बुरुल आजीच्या अंगड्यातली गं बाई!" बायकांनी हात तोंडावरून फिरवून दुवा दिली. पोर हातोहात फिरली आणि फिरत फिरत कलिपाकडे आली.

कलिपाने ती घेतली ती लांब धरून. वाईट हेतू नव्हता, सवय. जन्मभर तिने सगळी पोरं तशीच धरली होती, जाकिटापासून हातभर अंतरावर. पोरीने पाय झाडले, ओठ वाकडा केला. अगदी बारीक, डावा कोपरा खाली. ते बघून कलिपाला काय झालं कोण जाणे. तिने पोरीला छातीशी ओढलं, ते राखेच्या रंगाचं कापड आपल्या हनुवटीखाली घेतलं, आणि पोरीने पोटातलं सगळं दूध तिच्या जाकिटावर ओकलं.

"अगंबाई, आई, जाकीट!" नाझगुल ओलं फडकं घेऊन धावली.

"राहू दे," कलिपा म्हणाली.

"अहो, डाग पडेल!"

"पडू दे म्हटलं ना! बहिरी झालीस का?" आणि तिने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. पोरीच्या अंगड्यावर पाण्याचे थेंब पडले. बायकांनी ते पाहिलं नाही, असं दाखवलं.

चाळीस दिवस कलिपा रोज ते जाकीट घालून होती. पोरीला घेताना तेच, कांदे चिरताना तेच, तंदूरशी तेच. काराकोलातल्या बायका काय गप्प बसतात? म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाल्या. कुणी म्हणालं, आता ही नवी टूम असेल, पुढच्या महिन्यात आपल्यालाही डाग पाडायला सांगेल. एका पोरीने तर खरंच विचारलं, आणि कलिपाने तिला दारातूनच हाकललं.

चाळिसाव्या दिवशी अंगण भरलं. अंगड्याच्या घडीत मिठाई बांधली, ते शेजारच्या पिवळ्या कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं आणि पोरांनी आरडाओरडा करून ते पिटाळलं. कुत्रं कुंपणातून वाट काढून पळालं, मागे सगळी पोरं. आपला निळा झगा नदीच्या दिशेने जाताना कलिपाने दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

बुरुल शेजारी येऊन उभी राहिली. तिने कलिपाची बाही दोन बोटांत धरून उन्हात तिरपी केली. बटणांशी दुधाचे पिवळे डाग, गळ्याला घामाची रेघ, कोपराला कांद्याचं की कशाचं काहीतरी.

"जाऊबाई, गळा मळला की त्याच दिवशी घराबाहेर, असं तुम्हीच सांगता ना? पिशवी आणलीय मी. घालू का हे जाकीट तिच्यात?"

"हात लावशील तर बघ, मेले!" कलिपाने बाही हिसकावून घेतली. "आत्ता कुठे ते जुनं व्हायला लागलंय."